एकोणीसशे ऐंशीची फाईल

१

मार्च सत्त्याण्णवमधल्या त्या गुरुवारी सकाळी उज्जैनजवळच्या भैरवगढला क्षिप्रेचं पाणी लाल झालं आणि ठशांनी कापड छापणाऱ्या यूसुफभाई छीपांच्या एकशेवीस चादरी फिक्या गुलाबी होऊन बाहेर आल्या. चादरी दिल्लीच्या निर्यातदाराच्या होत्या. पंधरा दिवसांत जहाजावर चढायच्या होत्या.

फ्रीगंजच्या गणकदीप कॉम्प्युटर्समध्ये फोन वाजला तो प्रतिभा पागेनं उचलला.

"बेटी, लाल बह गया," यूसुफभाई म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली. "आके देख लो।"

ती टेंपोनं भैरवगढला पोचली तेव्हा चादरी दोरीवर वाळत होत्या. काळ्या रेघा ठसठशीत होत्या, पण त्यांच्या आत भरायचा लाल जवळजवळ नाहीसा झाला होता. यूसुफभाई साठीचे, उंच, हाताची नखं कायमची तांबूस. त्यांनी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली.

चिठ्ठी गणकदीपच्या प्रोग्रामनं छापलेली होती. नक्षी आणि चादरींची संख्या भरली की डिंकाची लापशी किती, लाल रंग धरायला लागणारी फिटकरी म्हणजे तुरटी किती, भट्टीत रंग किती, हे तो प्रोग्राम काढून द्यायचा. ही मापं यूसुफभाईंच्या घराण्याची. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती पहिल्यांदाच घराबाहेर सांगितली होती, कारण पुतणे नव्या जमान्याचे होते आणि निर्यातीला दर वेळी तोच रंग लागत होता.

"दस लीटर लापशी में एक किलो फिटकरी," यूसुफभाई म्हणाले. "इसमें आधा लिखा है। मैं चार दिन दिल्ली में था। होता तो हाथ डालते ही समझ जाता। बच्चे कागज पे चलते हैं, और कागज तुम्हारा है।"

"दिल्लीवाले काय म्हणाले?" तिनं विचारलं. त्यांना मराठी समजायची.

"उनको अभी क्या बताऊँ? वैसे ही कह रहे थे, यूसुफभाई, तुम्हारे जैसा लाल अब जयपुर की तरफ भी मिलने लगा है, थोड़ा सस्ता करो।" ते चादरीकडे बघत राहिले. "अब ये देखेंगे तो वहीं चले जाएँगे।"

प्रतिभानं चिठ्ठी उलटसुलट पाहिली. तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं: नवी जुळवणी, २८ फेब्रुवारी, प्र. पागे.

हा प्रोग्राम सहा दिवसांपूर्वी तिनं स्वतः बांधला होता.

२

सुधाकर मुळ्ये गणकदीपचे मालक. बँकेतली नोकरी सोडून त्यांनी ब्याण्णव साली हे दुकान टाकलं. सरकारनं दारं उघडली आहेत, आता उज्जैनमध्ये बसूनही जगाचं काम करता येईल, असं ते नेहमी सांगायचे. प्रतिभाच्या वडिलांची आणि त्यांची महाराष्ट्र समाजातली ओळख, म्हणून ती त्यांना काका म्हणायची.

गणकदीपमध्ये चारच माणसं. मुळ्येकाका, जुना प्रोग्रामर अनिल डोंगरे, गिऱ्हाइकांकडे फिरणारा आणि पत्रव्यवहार बघणारा माधव, आणि प्रतिभा. ती आली तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांच्या मिळून एकशेचाळीस फायली एकाच डिरेक्टरीत पडलेल्या होत्या. छीपांचे रंग, डॉक्टरांचे पेशंट, शाळेचे निकाल, सगळं एका ढिगात. कुठली फाईल कोणाची, हे फक्त अनिलच्या डोक्यात. फेब्रुवारीत प्रतिभानं तो ढीग उपसला. प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं फोल्डर केलं, सगळ्यांना लागणाऱ्या फायली एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवल्या आणि अनिलनं सगळ्या ढिगाला मिळून लिहिलेल्या एकाच मेकफाईलऐवजी प्रत्येक फोल्डरला वेगळी मेकफाईल लिहिली. एक आज्ञा दिली की त्या गिऱ्हाइकाचा प्रोग्राम आपोआप जुळून तयार.

आता तेच तिच्या अंगाशी आलं होतं.

"तुला मी म्हटलं होतं, चालत्या गाडीला हात नको लावू," काका केबिनमध्ये म्हणाले. टेबलावर त्यांचं जुनं एक्सटी यंत्र घरघरत होतं. गणकदीपचा तो पहिला कॉम्प्युटर, काका तो कोणाला काढू देत नसत. "दोन वर्षं चिठ्ठी बरोबर येत होती. तू फायली हलवल्यास आणि चूक झाली. सरळ आहे."

"काका, मी फायली हलवल्या. मापातलं एक अक्षर बदललं नाही."

"मग आकडा काय हवेनं बदलला?" त्यांनी एक टाईप केलेला कागद तिच्याकडे सरकवला. फायलींची फेरमांडणी करताना माझ्या हातून मापात बदल झाला, त्यामुळे झालेल्या नुकसानीला मी जबाबदार आहे, आणि मी राजीनामा देत आहे, असं त्यात होतं. "सही कर. यूसुफभाईंना मी समजावतो. तुझ्या बाबांनाही काही कळणार नाही."

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. पाचेक मिनिटांनी लाईट आली, एक्सटी कुरकुरत सुरू झाला आणि पडद्यावर त्यानं तारीख विचारली. काकांनी न बघता दोनदा एंटर दाबलं.

"ही सही मी करणार नाही," प्रतिभा म्हणाली. "नवा प्रोग्राम देताना मी काळ्या रंगाच्या चिठ्ठ्या जुन्याशी ताडून पाहिल्या, लाल रंगाच्या नाही पाहिल्या. ती चूक माझी आहे. ती आत्ता लिहून देते. पण जे मी बदललं नाही, ते बदललं असं लिहून देणार नाही."

"शनिवारी दुपारी यूसुफभाई येणार आहेत," काका म्हणाले. "तोपर्यंत विचार कर. नाही तर मलाच सांगावं लागेल, मुलगी हट्टी आहे आणि खोटंही बोलते."

संध्याकाळी नानाखेड्याला घरी तिनं वडिलांना सगळं सांगितलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, भांडणाला भिणारे.

"करून टाक सही," ते म्हणाले. "उज्जैन लहान गाव आहे गं. उद्या चार लोकांत मुळ्ये भेटणारच आहेत."

"गाव लहान आहे म्हणूनच नाही करत, बाबा. इथं एकदा नाव लागलं की ते पुसत नाही."

३

शुक्रवारी ती साडेनऊलाच ऑफिसात गेली. फायली हलवायच्या आधी तिनं सगळा जुना ढीग जसाच्या तसा सात फ्लॉपींवर उतरवून ठेवला होता. तिचा सगळा भरवसा त्या फ्लॉपींवर होता. जुन्या फाईलमध्ये एक किलो असेल, तर फेरमांडणीत काहीतरी बिघडलं. मग शोधायचं कुठे, ते तरी कळेल.

तिसऱ्या फ्लॉपीवर फिटकरी नावाची फाईल होती. ती उघडून तिनं ओळ शोधली.

अर्धा किलो.

म्हणजे तिनं हात लावायच्या आधीच आकडा चुकीचा होता. तिला हायसं वाटलं, पण ते जेमतेम मिनिटभर. कारण त्याच फ्लॉपीवर जुना तयार प्रोग्रामही होता. तो चालवून तिनं चिठ्ठीतला तेवढा फिटकरीचा आकडा पाहिला.

एक किलो.

तिनं पुन्हा चालवून पाहिला. पुन्हा एक किलो. फाईल म्हणत होती अर्धा आणि त्याच फाईलपासून झालेला प्रोग्राम म्हणत होता एक.

मागून अनिल आला. पस्तिशीचा, कमी बोलणारा. फोल्डर करायला त्याचा विरोध होता, आणि पुण्याच्या एका कंपनीत त्याची बोलणी चालू आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं.

"फिटकरीची फाईल मी लिहिलेली आहे," तो म्हणाला. "आता तू मला विचारणार, मी बदलली का."

"विचारते. बदलली?"

"नाही. आणि मला तुझं हे घर मांडणं आवडलेलं नाही, ते तोंडावर सांगितलंय. मी नसताना हे दुकान चालावं म्हणून ते चाललंय, मला कळतं." तो तिच्या पडद्याकडे वाकला. "पण एक ऐक. ही फ्लॉपी काकांना दाखवशील, तर ते म्हणतील तूच नंतर बदललीस. फ्लॉपी तुझ्याच खणात होती."

"तुम्ही पण असंच म्हणाल, अनिलभैया?"

अनिलनं पडद्यावरच्या फाईलच्या नावावर बोट ठेवलं. "तारीख बघ," तो म्हणाला. "फाईल शेवटची कधी लिहिली, ते तिच्यावर असतं. एवढंच सांगतो."

तो निघून गेला. प्रतिभानं फायलींची यादी पडद्यावर आणली. सगळ्या फायली पंच्याण्णव-शहाण्णवच्या होत्या. दोन सोडून.

फिटकरी: १ जानेवारी १९८०, शून्य वाजून नऊ मिनिटं. त्याखाली मथळा: १ जानेवारी १९८०, शून्य वाजून चौदा मिनिटं.

एकोणीसशे ऐंशी साली ती नऊ वर्षांची होती आणि गणकदीप जन्मायला बारा वर्षं होती.

४

तारीख पाहताच तिला दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी की फाईल अर्धा म्हणते आणि प्रोग्राम एक, असं का, ते. त्याबद्दल ती त्या दिवशी कोणाशीच बोलली नाही. दुसरी जास्त तातडीची होती. ऑफिसच्या नव्या यंत्रांत घड्याळ होतं, ती बंद असली तरी तारीख चालू राहायची. जुन्या एक्सटी यंत्रांत घड्याळच नव्हतं. चालू केलं की ती तारीख विचारायची, आणि न सांगता पुढे गेलं की दिवस धरायची १ जानेवारी ८०, वेळ शून्य. ज्यानं कोणी ही फाईल बदलली, त्यानं एक्सटी चालू केला, तारीख भरली नाही, आणि नऊ मिनिटांनी आकडा बदलून फाईल जपून ठेवली.

ऑफिसात एक्सटी दोन होते. एक काकांच्या केबिनमध्ये, दुसरा माधवच्या टेबलावर. आणि फ्लॉपी घेऊन भैरवगढला माधवच जायचा.

दुपारी तो डबा खात होता तेव्हा ती समोर जाऊन बसली.

"माधव, तुझं मशीन सकाळी तारीख विचारतं. तू काय करतोस?"

"भरतो. रोज."

"एखाद्या दिवशी नाही भरली तर?"

"तर पत्रावर ऐंशी साल छापून येतं." त्यानं डबा बाजूला ठेवला, मागच्या कपाटातून पत्रांच्या नकलांची जाड फाईल काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "एकदा कलेक्टर ऑफिसला गेलं होतं तसं पत्र. महिनाभर हसत होते लोक. त्यानंतर एक दिवस चुकलो असेन तर दाखव. पण तू हे विचारतेस का? माझ्यावर शक आहे?"

"आहे," ती म्हणाली. "सगळ्यांवर आहे. माझ्यावरही होता."

तिनं नकला चाळल्या. दोन वर्षांची पत्रं, दिवसाला दोन-तीन. एकावरही ऐंशी साल नव्हतं. पण एवढ्यानं माधव सुटत नव्हता. मुद्दाम करणारा माणूस एक दिवस तारीख भरायची टाळू शकतो. ती आपल्या यंत्राशी परत आली आणि ऐंशी सालची दुसरी फाईल, मथळा, तिनं उघडली.

चिठ्ठीच्या वरच्या बाजूला गिऱ्हाइकाचं नाव छापलं जायचं ते या फाईलमधून. प्रोग्राम चालताना ती वाचायचा. इथे यूसुफभाई छीपा, भैरवगढ असं असायला हवं होतं. जुन्या ढिगातल्या या फाईलमध्ये जयपूरकडच्या एका छपाई कारखान्याचं नाव होतं.

तिला आठवलं, फेब्रुवारीत फायली लावताना मथळ्यात भलतंच नाव दिसलं म्हणून तिनं नवीन मथळा लिहून टाकला होता. अशा गफलती त्या ढिगात पुष्कळ होत्या. तिनं तेव्हा विचारही केला नव्हता.

माधव अजून जागेवरच होता. तिनं कारखान्याचं नाव सांगितलं.

"ती पार्टी? दिवाळीनंतर आली होती," तो म्हणाला. "दोघं होते. काका स्वतः बसले त्यांच्याबरोबर. मला घंटाघरापर्यंत कचोरी आणायला पाठवलं. परत आलो तर केबिनचं दार बंद, आणि आत ते जुनं मशीन घरघरतंय. मी म्हटलं, गिऱ्हाईक बसलंय आणि काका टाईप कसलं करतायत?" तो थांबला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज खाली आला. "प्रतिभा, त्यांना आपण काय विकलं?"

५

शनिवारी बारा वाजता यूसुफभाई आले. काकांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं, चहा सांगितला आणि प्रतिभाला बोलावलं. राजीनाम्याचा कागद टेबलावर तयार होता. तिनं अनिल आणि माधवलाही आत बोलावून घेतलं. काकांना ते आवडलं नाही, पण गिऱ्हाइकासमोर ते काही बोलले नाहीत.

"यूसुफभाई, इस लड़की से गलती हुई है," त्यांनी सुरुवात केली.

"हुई है," प्रतिभा म्हणाली. "लाल की चिट्ठी मैंने जाँची नहीं। वो मैं लिखकर लाई हूँ, लीजिए।" तिनं आपला कागद यूसुफभाईंच्या हातात दिला. मग ती काकांकडे वळली. "आता दुसरी गोष्ट. काका, आकडा तुम्ही बदललात. दिवाळीनंतर, याच मशीनवर."

तिनं दोन्ही फायलींच्या तारखा सांगितल्या, एक्सटीचं सांगितलं, मथळ्यातलं नाव वाचून दाखवलं. माधवनं कचोरीचं सांगितलं. अनिल म्हणाला, "माझ्या मशीनमध्ये घड्याळ आहे. माझ्या हातून ऐंशी साल पडूच शकत नाही."

काकांनी चष्मा काढला. मग यूसुफभाईंकडे न बघता ते म्हणाले, "धंदा बसत चालला होता. मोठ्या शहरातले लोक आता इथपर्यंत येऊन विकतात. ती पार्टी दारात उभी होती, प्रोग्राम द्या म्हणाली. पण यूसुफभाई, आपको ज़बान दी थी कि नाप किसी को नहीं दूँगा। नहीं दिया। फिटकरी एक किलो से आधा किलो कर दी, तब दिया। तुमचं माप माझ्याकडून बाहेर गेलं नाही."

"आणि मग फाईल परत बदलायची राहिली?" अनिलनं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी यूसुफभाईंची चिठ्ठी काढून पाहिली. एक किलोच आला. मला वाटलं, आकडा मी परत बदललाय, वरचं नाव तेवढं राहिलंय, ते नंतर करू. त्या ढिगात कोणाला काय समजणार." त्यांचा आवाज पुन्हा थोडा घट्ट झाला. "चूक झाली. पण विश्वासघात नाही केला."

प्रतिभाला वाटलं होतं, इथवर आलं की आपल्याला बरं वाटेल. पण अजून एक गोष्ट सांगायची होती.

"यूसुफभाई," ती म्हणाली, "आपके यहाँ लकड़ी का ठप्पा कब दोबारा खोदते हैं?"

"जब कागज पे नक्शा, खाका नया बने।"

"और खाका पुराना ही हो तो?"

"तो वही ठप्पा चलता है। फिर क्यों खोदेंगे?"

"मशीन भी यही करती है। जो फाइल हम लिखते हैं वो खाका है, उससे मशीन ठप्पा बनाती है। मेक नाम का एक प्रोग्राम दोनों की तारीख देखता है। खाका ठप्पे से नया हो, तभी ठप्पा दोबारा बनता है।" ती काकांकडे वळली. "तुम्ही फाईल बदललीत, पण तिच्यावर तारीख पडली ऐंशीची. अनिलभैयांनी तिच्यापासून तयार केलेला तुकडा, म्हणजे ठप्पा, पंच्याण्णवचा. मेकनं पाहिलं, फाईल पंधरा वर्षं जुनी, काही करायचं कारण नाही. त्यानं तुमचा अर्धा किलो घेतलाच नाही. जुनाच प्रोग्राम तुम्ही फ्लॉपीवर घालून दिलात. नाव तेवढं जयपूरचं छापत होता. म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्हाला एक किलो दिसला. फेब्रुवारीत मी फोल्डर केले, सगळं पहिल्यापासून नव्यानं जुळवलं, तेव्हा तुमचा अर्धा किलो पहिल्यांदा प्रोग्राममध्ये आला. आणि तो गेला यूसुफभाईंकडे."

काकांना कळायला वेळ लागला. यूसुफभाईंना लागला नाही.

"मतलब जयपुर में सही नाप गया," ते म्हणाले. "और झूठा मेरे घर आया।"

"हाँ।"

"तभी वहाँ मेरे जैसा लाल निकल रहा है।"

काकांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. यूसुफभाई उठले नाहीत. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि सरळ बसले.

"मुळ्येसाहब, दिल्ली के नाम चिट्ठी लिखिए। मुझे पंद्रह दिन और चाहिए। क्यों चाहिए, वो आप लिखेंगे।"

काकांनी लिहायला घेतलं. इंग्रजीत, चार ओळी. यूसुफभाईंनी कागद उचलून प्रतिभाकडे दिला. "पढ़ के सुनाओ।"

तिनं वाचलं आणि थांबली. "यात लिहिलंय की संगणकात बिघाड झाल्यामुळे माल खराब झाला."

"धंद्यात असंच लिहितात," काका म्हणाले.

"संगणकात बिघाड झालेला नाही, काका. त्याला जे सांगितलं तेच त्यानं केलं. हे मी वाचून दाखवणार नाही."

काकांनी अनिलकडे पाहिलं. अनिल खिडकीबाहेर बघत होता. माधव जमिनीकडे. मग त्यांनी दुसरा कागद घेतला आणि लिहिलं की माप आपण स्वतः बदललं होतं, छपाई करणाऱ्यांचा त्यात दोष नाही. प्रतिभानं तो शब्दन् शब्द हिंदीत करून सांगितला. यूसुफभाईंनी मान हलवली.

"अब मेरा नाप यहाँ से निकालो," ते म्हणाले. "पूरा। कुछ बाकी न रहे।"

महिन्याभरापूर्वी एकशेचाळीस फायलींतून हे कोणालाच जमलं नसतं. आता यूसुफभाईंचं सगळं एका फोल्डरमध्ये होतं. तिनं ते एका फ्लॉपीवर उतरवलं, त्यांच्या देखत काकांच्या एक्सटीसकट सगळ्या यंत्रांवरून पुसलं आणि जुन्या सात फ्लॉपींवरूनही त्यांच्या फायली पुसल्या. यूसुफभाई मागे उभे राहून प्रत्येक वेळी विचारत होते, "गया?" आणि ती म्हणत होती, "गया।" शेवटची झाल्यावर त्यांनी फ्लॉपी रुमालात गुंडाळून कुर्त्याच्या आतल्या खिशात ठेवली.

"जयपुरवालों के पास जो है, वो है," ते दाराशी म्हणाले. "उनसे मैं कपड़े पे लड़ लूँगा। तुम सोमवार को भैरवगढ़ आना, बेटी। इस बार लाल मैं अपने हाथ से डालूँगा, तुम बैठ के लिखना।"

ते गेल्यावर अनिल आणि माधवही आपापल्या जागी गेले आणि केबिनमध्ये दोघंच उरली. काकांनी राजीनाम्याचा कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला.

"तू उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले. "तुला बघून मला काम नाही करता येणार."

"उद्या रविवार आहे," प्रतिभा म्हणाली. "सोमवारी सकाळी मी भैरवगढला जाणार, मंगळवारी दहाला इथं येईन. शाळेचं फोल्डर लावायचं राहिलंय. मला काढायचं असेल, तर का काढलं ते लिहून द्या, आणि खाली तुमची सही करा."

मंगळवारी दहाला पाच मिनिटं असताना ती आली. खुर्ची पुसली, यंत्र चालू केलं आणि शाळेच्या फायली उघडल्या. केबिनचं दार दिवसभर बंद होतं. त्या दिवशी काढल्याचा कागद आला नाही, त्या आठवड्यातही नाही, आणि पुढची तीन वर्षं, ती स्वतःहून दुसरीकडे जाईपर्यंत, कधीच आला नाही.